बॉटनीची टाकी आणि दातार सर

आमच्या बॉटनी डिपार्टमेंटने किती शोधनिबंध छापले असं कुणी विचारलं, की आम्ही घाईघाईनं चहा मागवतो. किस्से किती झाले ते विचारा, मग बसा दुपारभर! शोधनिबंधाला मायक्रोस्कोप लागतो, संदर्भ लागतात, टाइपिस्ट लागतो. किश्शाला काही लागत नाही. दोन माणसं एका खोलीत रोज साडेदहा ते साडेपाच कोंडली आणि त्यातला एक जण हट्टी असला की झालं. आमच्याकडे तर दोघंही हट्टी होते.

एक दातार सर, आमचे विभागप्रमुख. पुण्याचे. "दोन वर्षं काढतो आणि परत जातो" म्हणून संगमनेरला आले आणि रिटायर इथंच झाले. दुसरा सखाहरी, आमचा लॅब अटेंडंट. पठार भागातल्या एका गावचा, चाळिशी गाठलेला. घरी बायको, दोन मुली आणि पावसाच्या मर्जीवरचं कोरडवाहू रान. तिसरी मी. चोविसाव्या वर्षी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, आणि लागल्या दिवसापासून कॉलेजभर 'शेटेबाई' झाले. हे सगळं सत्तर ते त्र्याहत्तर सालातलं.

सखाहरी आठ वर्षं टेंपररी होता. दर एप्रिलला त्याची ऑर्डर संपायची आणि जूनला नवी निघायची. मधला मे महिना त्याचा जीव टांगणीला. कायम व्हायला प्राचार्यांची सही हवी, आणि त्याआधी विभागप्रमुखांनी लेखी मागणी करायला हवी. "यंदा तुझं करूनच टाकू," असं सर दर वर्षी म्हणत. मनापासून म्हणत, आणि तितक्याच मनापासून विसरत! सरांना माणसांची कामं लक्षात राहत नसत, वनस्पतींची राहत. आणि त्या वर्षांत त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. टाकी.

*

सरांनी पुण्यात कुणाच्या तरी दिवाणखान्यात काचेची टाकी पाहिली होती. आत पाणवनस्पतींचं हिरवंगार रान आणि त्यातून मासे फिरताहेत. आपली पोरं हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया नुसती पुस्तकात बघतात, त्यांना जिवंत बघू दे की! कल्पना उत्तमच होती. खिडक्यांचे गज करणाऱ्या कारागिराकडून लोखंडी अँगलची चौकट करून आणली, चारी बाजूंनी काचा बसवल्या आणि फटींमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. कारागीर म्हणाला, "सर, आठ दिस वाळू द्या बरं का." सरांनी चौथ्या दिवशी पाणी भरलं.

आमची लॅब वरच्या मजल्यावर, खाली झूलॉजी. तासाभरात खालून चिठ्ठी आली. झूलॉजीच्या प्रमुखांचं सुवाच्य अक्षर: "बेडूक आमच्याकडे पुरेसे आहेत. पाऊस पाठवू नये."

सखाहरीनं टाकी उपसली, फटी कोरल्या, नव्यानं लांबी भरली. मग कारागिरानं सांगितलेले आठ दिवस टाकीसमोर स्टूल टाकून बसला. मी म्हटलं, "भाऊ, लांबी वाळायची ती वाळेल. तुम्ही कशाला राखण करताय?"

"लांबीची न्हाई बाई," तो हळूच म्हणाला. "सरांची."

*

पाणी टिकलं, पण झाडं टिकेनात. सर वाळू परमँगनेटच्या पाण्यात सात सात वेळा धुऊन घेत. ती इतकी स्वच्छ झाली, की तिच्यात उगवावं असं काही उरलंच नसावं. तिच्यात खोचलेला व्हॅलिस्नेरिया, म्हणजे लांब पात्यांचं पाणगवत, आठवड्यात पिवळा पडला. सरांनी पुस्तकं काढली, दोन दिवस वाचली आणि तिसऱ्या दिवशी ओरडतच आले, "कार्बन डायऑक्साइड! पाण्यात तोच कमी पडतोय. उपाशी आहेत हो बिचारी!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेटेबाई, आपण श्वासातून काय सोडतो? वर्गात मुलं किती? बावीस. सगळा फुकट जातोय!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर टाइमटेबल लागलं. रोल नंबर एक ते बावीस, प्रत्येकानं पाच मिनिटं काचेची नळी पाण्यात धरून फुंकायचं. एका मुलीला चक्कर आली. एकानं फुंकण्याऐवजी ओढलं आणि दिवसभर थुंकत फिरला. चौथ्या दिवशी सरांना पाण्यापाशी विडीचा वास आला. त्यांनी ताबडतोब नोटीस लावली: "टाकीत फुंकण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी धूम्रपान करू नये." ती वाचून प्राचार्य स्वतः जिना चढून आले. नोटिशीत नेमकं काय चुकलंय हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सखाहरी कोपऱ्यात काचसामान पुसत उभा होता. म्हणाला, "सर, एक इचारू का? आपल्या नदीत इतकं गवात हाय. तिथं कोन फुंकाय जातं?"

सर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. टाइमटेबल मात्र पुसलं गेलं.

*

तिसऱ्या दिवशी सर टांग्यातून उतरले ते गोटी सोड्याचं क्रेट घेऊन!

"सोड्यात तोच वायू असतो की नाही, शेटेबाई?" असतो. नाही कसं म्हणणार? सरांचं हे असंच असायचं. विचार अगदी बरोबर, आणि त्यातून निघणारा उद्योग भयंकर. गोटी आत ढकलायची, फस्स आवाज झाला की बाटली टाकीत उलटी. अशा सहा बाटल्या. टाकी बुडबुड्यांनी नुसती भरून गेली. सरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. आणि मग पाचही गप्पी मासे वर आले आणि पाण्याच्या काठाला तोंडं लावून धापा टाकायला लागले. हे मासे सरांनी पुण्याहून एसटीनं, डबा मांडीवर घेऊन आणले होते. नारायणगावच्या स्टँडवर स्वतः चहा प्यायला उतरले नव्हते! त्यांचा चेहरा बघवेना.

सखाहरी पुढे झाला. गाळणीनं एकेक मासा उचलून साध्या पाण्याच्या बादलीत सोडला आणि बादलीवर ओलं फडकं टाकलं. नंतर कळलं, सहातली एक बाटली लेमनची होती. चार दिवस टाकीला मुंग्यांची रांग.

दुसऱ्या दिवशी सोडेवाल्यानं सखाहरीला रस्त्यात अडवलं. "काय रं, सरांकडं पाव्हनं आल्यात का? क्रेटच्या क्रेट सोडा न्हेला काल."

"व्हय. पाच जन हायत. पुण्याचं."

"मग, मानवला का आमचा सोडा?"

"न्हाई मानवला," सखाहरी म्हणाला. "बादलीत निजवलंय त्यांना."

*

देवळाली प्रवराकडचा एक विद्यार्थी होता, घरी ऊस. त्यानं सहज सांगितलं, "सर, आमच्याकडं ऊस पिवळा पडला का युरिया टाकत्यात." सरांना ते फार आवडलं. शेतकऱ्याकडून शिकायला लाज कसली? मूठभर युरिया टाकीत! टाकी दक्षिणेच्या खिडकीत, दिवसभर रणरणतं ऊन. आठ दिवसांत पाणी असं काही हिरवं झालं, की पालकाची पातळ भाजी ओतून ठेवलीय असं वाटावं. शेवाळच शेवाळ. हाताचं बोट आत घातलं तर दुसरं पेर दिसत नव्हतं.

आणि नेमके त्याच दिवशी संस्थेचे अध्यक्ष फेरीवर आले. म्हातारे शेतकरी गृहस्थ, पांढराशुभ्र फेटा. टाकीपुढे थांबले. "वा! रंग लई झ्याक आलाय. आत काय हाय म्हनायचं?"

"मासे," सर म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा लावला. काढला, फेट्याच्या शेमल्यानं पुसला, परत लावला. "कुठं?"

सर अतिशय शांतपणे म्हणाले, "आहेत. आपण विश्वास ठेवावा."

मागे उभ्या प्राचार्यांना खोकल्याची उबळ आली ती जिना उतरेपर्यंत थांबली नाही. मला मात्र रडू येत होतं. कारण त्या दिवशी सर अध्यक्षांपुढे सखाहरीच्या नोकरीचा विषय काढणार होते. मीच सकाळी चिठ्ठी लिहून त्यांच्या खिशात ठेवली होती. पण त्या पाण्यापुढे उभं राहून कुणाची शिफारस करणार? चिठ्ठी खिशातून तशीच धोब्याकडे गेली.

*

दिवाळीच्या सुट्टीत सर पंधरा दिवस पुण्याला पेपर तपासायला गेले. जाताना सखाहरीला म्हणाले, "टाकीकडे लक्ष ठेव."

सखाहरीनं लक्ष ठेवलं म्हणजे काय केलं? सगळी टाकी उपसली! नदीकाठची जुनी गाळाची माती दोन घमेली आणली, चाळली, तळाला दोन बोटं पसरली. तिच्यावर दोन बोटं जाड वाळू. टाकी दक्षिणेच्या खिडकीतून उचलून अशा भिंतीपाशी नेली, जिथं फक्त सकाळचं कोवळं ऊन येई. चार गोगलगायी सोडल्या. प्रवरेच्या डोहातून हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया उपटून आणला आणि मेथीच्या वाफ्यासारखा दाट लावला. मासे उरले होते तीन, तेवढेच परत सोडले. आणि त्यांना रोज चिमूटच खाऊ, जास्त नाही.

मी म्हटलं, "भाऊ, पहिल्याच दिवशी इतकी गर्दी?"

"बाई, वाफा मोकळा ऱ्हायला की तन माजतं. शेवाळाचं बी तसंच. त्याला हाकलत बसायचं न्हाई. जागाच ठिवायची न्हाई."

सर परत आले. टाकीत वाकून बघितलं आणि मटकन खुर्चीत बसले. "चिखल! माझ्या लॅबमध्ये चिखल! सखाहरी, आत्ताच्या आत्ता काढ हे."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सखाहरी 'नाही' म्हणाला. "पंधरा दिस द्या, सर. न्हाई जगलं, तर मी आपनहून ऑर्डर सोडतो."

दोन मुलींचा बाप, ज्याच्या नोकरीचा भरवसा पुढच्या जूनपर्यंतसुद्धा नाही, तो गवताच्या पैजेवर ती लावत होता! सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "पंधरा. सोळावा नाही."

चौदाव्या दिवशी अकराचं लेक्चर होतं आणि सर वर्गात आलेच नाहीत. मी शोधायला गेले तर सर लॅबमध्ये टाकीसमोर गुडघे टेकून बसलेले. पँटला भिंतीचा चुना लागलेला. पाणी काचेसारखं नितळ, आणि व्हॅलिस्नेरियाच्या पात्यांवरून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर चाललेल्या. सर ओठ हलवत ते मोजत होते. झाड तृप्त असलं की उन्हात असा ऑक्सिजन सोडतं, हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. पण असं टाकीभर बघितलं ते त्या दिवशीच.

"सखाहरी," सर मान न वळवता म्हणाले, "अरे, मातीत जे कुजतंय ना, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतोय. तळातून! आपण वरून काय काय ओततोय, आणि इथं माती आपली गुपचूप देतेय!"

"मी त्येच म्हनत हुतो, सर," सखाहरी म्हणाला. "मला फकस्त त्याचं नाव ठावं न्हवतं."

*

बरं, एवढ्यावर माणसानं स्वस्थ बसावं की नाही? सरांना स्वस्थ बसता येत नसे. तीन महिन्यांनी पुढच्या काचेवर शेवाळाचा एक पातळ पदर दिसला. नखानं निघाला असता. सर म्हणाले, "मोरचूद! चिमूटभर टाकू. द्राक्षवाले फवारतात की!"

मोरचुदानं शेवाळ जातं हे खरं, पण गोगलगायी जातात आणि नाजूक पानांचीही वाट लागते. मी सांगून पाहिलं. सर केमिस्ट्रीत पोचलेसुद्धा! तिथला अटेंडंट म्हणाला, "मोरचूद संपलं, सर."

सरांनी त्याच्या खांद्यावरून कपाटात पाहिलं. निळ्याशार खड्यांची ही मोठी बरणी! "आणि ते काय आहे?"

तो बरणीकडे बघून म्हणाला, "ते... ते आपलं असंच निळं हाय, सर."

सर हात हलवत परत आले. मागाहून कळलं, सखाहरी आधीच केमिस्ट्रीत जाऊन बजावून आला होता. घरचा माणूस पिणारा असला की बायका गुत्तेवाल्याला जसं सांगून येतात तसं: "आमचे सर आले तर काय बी देऊ नका. भांडले तरी देऊ नका."

काचेवरचा पदर त्यानं नारळाच्या काथ्यानं पुसला आणि टाकीच्या वर अर्ध्या भागात जुनं वर्तमानपत्र टाकून उजेड कमी केला. दोन आठवड्यांत शेवाळ गेलं. पुढे पाहुणे आले की सर टाकीसमोर उभे राहून सांगत, "औषधाशिवाय शेवाळ घालवायची ही आमची पद्धत!" आणि सखाहरी मागे उभा राहून अगदी गंभीरपणे मान डोलवायचा. मी एकदा त्याला छेडलं, "भाऊ, पद्धत तुमची आणि नाव त्यांचं!" तर म्हणतो, "असू दे की, बाई. त्यांचं मन रमतं आन् हात मोकळं ऱ्हात्यात."

*

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू. बायका झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत. सखाहरीच्या गावाला टँकर यायचा तो कधी यायचा, कधी नाही. त्याची बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कॉलेजचे नळ तिसऱ्या दिवशी येत. प्राचार्यांनी बाग बंद केली, बेसिनांना कुलपं घातली आणि फिरत फिरत आमच्या लॅबमध्ये आले. समोर काठोकाठ भरलेली टाकी!

"दातार, गावाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही मासे पोसताय? रोज किती पाणी बदलता?"

सर टाकीकडे बघायला लागले. त्यांना माहीतच नव्हतं. सखाहरी पुढे आला. "साहेब, बदलतच न्हाई. हे पानी गेल्या साली दिवाळीत भरल्यालं हाय."

प्राचार्यांचा विश्वास बसेना. बीकरमध्ये पाणी घेतलं, उजेडाला धरलं, वास घेतला. "वर्षाचं पाणी? आमच्या घरच्या हौदातलं आठ दिवसांत हिरवं होतं!"

"तुमच्या हौदात झाडं न्हाईत, साहेब."

प्राचार्य बीकर खाली ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा शिपाई वाडगं घेऊन आला. "साहेबांनी थोडं गवात मागितलंय. हौदात टाकायला."

*

पाणी बदलावं लागत नव्हतं, पण उन्हाळ्यात आटत तर होतं. रोज दोन पेले तरी. आणि तरी टाकीची पातळी जिथल्या तिथे! मला वाटायचं, सर काहीतरी करत असतील. सरांना वाटायचं, मी.

एक दिवस मी लवकर पोचले. सखाहरी दिवसभरासाठी पिण्याच्या पाण्याचा एक फिरकीचा तांब्या घरून आणायचा. त्यातला अर्धा तो टाकीत ओतत होता. मला राग आला. खरं तर रडू आलं, ते रागासारखं बाहेर पडलं. "भाऊ, तुमच्या घरी मुली थेंबाथेंबाला महाग झाल्यात आणि तुम्ही गवताला पाजताय? स्वतः काय पिणार?"

तो तांब्याची फिरकी लावत म्हणाला, "मी मानूस हाय, बाई. मी कुनाच्या बी दारात जाऊन घोटभर मागू शकतो. ह्यांना मागता येतंय का?"

सर येईपर्यंत मी जिन्यात उभी राहिले.

मी सरांना सांगितलं. आता हे आमचे सर म्हणजे देवाधर्माला हसणारे, जेवताना ताटाभोवती कधी पाणी न फिरवणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरईतून पेला भरला आणि तोंडाला लावण्याआधी त्यातला एक घोट टाकीशेजारच्या डब्यात ओतला. मग मी ओतला. मग मुलांनी. त्या उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये पहिला घोट टाकीचा, मग आपला, असा रिवाजच पडला. मी एकदा विसरून पेल्यातलं उरलेलं पाणी ओतायला गेले, तर सखाहरीनं डबा मागे घेतला. "उष्टं न्हाई, बाई. पंगतीत बसल्यात ती."

*

पण दुष्काळानं दुसरंही एक संकट आणलं. संस्थेनं ठरवलं की टेंपररी नोकर जूनपासून ठेवायचे नाहीत. ज्याच्यावाचून अडेल असं विभागप्रमुख लिहून देतील, त्याचाच विचार होईल, आणि झालाच तर त्याला एकदम कायम करून टाकायचं. फॉर्म आला. या वेळी मी चिठ्ठी खिशात ठेवली नाही, फॉर्मच सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवला आणि रोज त्याच्याकडे बोट दाखवू लागले. "आधी प्रॅक्टिकल होऊ दे," सर म्हणत. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस प्रॅक्टिकलच्या दुसऱ्याच दिवशी होता.

प्रॅक्टिकलला हायड्रिला हवाच. बीकरमध्ये बुडवून उन्हात ठेवायचा, वर उलटी नळी, आणि बुडबुडे मोजायचे. पण नद्या कोरड्या, हायड्रिला आणायचा कुठून? आजूबाजूची कॉलेजं हवालदिल. एका कॉलेजचा शिपाई तर चहाचा थर्मास घेऊन आमच्याकडे फांद्या न्यायला आला! सखाहरीनं त्यालाही दिल्या आणि आमच्या बावीस मुलांनाही पुरवल्या. टाकी निम्मी भादरली गेली. त्यानं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण कात्री चालवताना प्रत्येक फांदीला निरोप द्यावा तसं "ये" म्हणत होता.

बाहेरचे परीक्षक आले ते कडक गृहस्थ. बावीस बीकरमध्ये बावीस फांद्या बुडबुडे सोडताहेत, हे बघून जागीच थांबले. "या दुष्काळात? दातार, हे कुठून आणलंत?"

सरांनी टाकी दाखवली. परीक्षकांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. पंप नाही, औषध नाही, शेवाळाचा ठिपका नाही. "कोण बघतं हिच्याकडे?"

"हा सखाहरी," सर म्हणाले. अभिमानानंच म्हणाले.

परीक्षक तोंडी परीक्षा घ्यावी तसे त्याच्याकडे वळले. "काय काय देता झाडांना?"

सखाहरी गोंधळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एवढ्या मोठ्या माणसानं प्रश्न विचारला होता, आणि घाबरलेला माणूस खरं बोलतो. "काय बी न्हाई, साहेब. मी फकस्त आमच्या सरांना काय देऊ देत न्हाई."

बावीस मुलं एकदम हसली. परीक्षकसुद्धा! सर लालेलाल झाले. चष्मा काढला, टेबलावरचा तो फॉर्म उचलून ब्रीफकेसमध्ये टाकला आणि तडक घरी गेले.

सखाहरी माझ्याकडे आला. तोंड पांढरंफटक. "बाई, जीभ घसरली का हो माझी? आठ वर्सं सांभाळली आन् आजच का घसरली?" मी म्हटलं, "काही होत नाही हो." पण मला स्वतःलाच खात्री नव्हती. सरांचा हट्ट मी पाहिला होता.

*

दुसऱ्या दिवशी सरांनी बंद पाकीट माझ्या हातात दिलं. "प्राचार्यांना द्या," एवढंच म्हणाले, आणि पाठ फिरवली. सखाहरी दारात उभा होता. त्यानं पाकिटाकडे बघितलं आणि मग उगाच कोरडं टेबल पुसायला लागला.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी उभी राहिले. त्यांनी पाकीट फोडून फॉर्म टेबलावर पसरला. समोरच्याच्या वहीतलं उलट्या बाजूनं वाचायची डेमॉन्स्ट्रेटर लोकांना सवय असते, त्यामुळे मलाही सगळं दिसत होतं. नाव, गाव, वय, सगळं भरलेलं. शेवटचा रकाना मोठा होता, खाली दहा रेघा आखलेल्या: 'सदर कर्मचाऱ्यास सेवेत न ठेवल्यास विभागाचे कोणकोणते नुकसान होईल, ते सविस्तर लिहावे.'

एका दिवसाच्या किरकोळ रजेसाठी चार पानी अर्ज लिहिणाऱ्या आमच्या सरांनी त्या दहा रेघांमध्ये फक्त दोन वाक्यं लिहिली होती. ठळक अक्षरात, खाली सगळ्या पदव्यांसकट सही:

"नेमके कोणते ते आज सांगता येणार नाही. परंतु जे होईल ते माझ्या हातून होईल."

प्राचार्यांनी ते एकदा वाचलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि खाली लिहिलं:

"खात्री आहे. कायम करावे."